काम चालू, रस्ताही चालू
(एक अभ्यासलेख)
द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र

‘काम चालू, रस्ता बंद’ ही पाटी ज्याने वाचली नाही असा मनुष्य महाराष्ट्रात सापडणे कठीण. अक्षरओळख नुकतीच झालेली मुले एस.टी.च्या खिडकीतून ही पाटी मोठ्याने वाचतात. परंतु जरा विचार केला तर असे दिसते की, ही पाटी बहुतेक वेळा अर्धीच खरी असते. काम चालू असते, पण रस्ता बंद नसतो. निम्मा रस्ता उकरलेला असतो आणि उरलेल्या निम्म्यावरून ट्रक, एस.टी., मोटारसायकली, उसाचे ट्रॅक्टर असे सर्व काही धावत असते. उकरलेला भाग आणि धावता भाग यांच्यामध्ये चार-पाच फुटांचे अंतर असते. त्या चार-पाच फुटांत एक मनुष्य फावडे, झारी किंवा झेंडी घेऊन उभा असतो. प्रस्तुत लेख त्या मनुष्याविषयी आहे.

रस्त्यावर काम करताना वाहनाच्या धडकेने मरण येणे ही गोष्ट आपल्याकडे बातमी म्हणून दोन ओळींत येते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. अभ्यासाचा विषय म्हणून तिच्याकडे पाहिले पाहिजे असे मला वाटले, त्याला एक कारण घरचे आहे. माझे वडील गेली अनेक वर्षे रस्त्याच्या कामावर मजुरी करतात. माझी आजीही रस्त्याच्याच कामावर होती. आमच्या घरातून महाविद्यालयापर्यंत पोचलेली मी पहिलीच. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे आणि थोडे कर्तव्यही आहे, असे मी समजते.

विषयाची व्याप्ती

‘रस्त्यावरचा कामगार’ म्हणजे नेमके कोण, हे आधी ठरवले पाहिजे. खड्डे बुजवणारे, डांबर टाकणारे, साइडपट्टी भरणारे, पांढरे पट्टे मारणारे, दुभाजकातील झाडांना पाणी घालणारे, रस्ता झाडणारे, मोऱ्या साफ करणारे आणि वाहने अडवून सोडणारा झेंडीवाला हे सर्व त्यात येतात. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस आणि बंद पडलेला ट्रक ओढून नेणारा क्रेनवालाही त्यातच मोडतो. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. इतरांना रस्ता ही जाण्याची जागा आहे. यांना ती दिवसभर थांबण्याची जागा आहे.

भारत सरकारच्या रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक. यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू राष्ट्रीय महामार्ग व द्रुतगती मार्ग यांवरचे आहेत. वास्तविक देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत या मार्गांचा वाटा अगदी अल्प आहे. त्याच अहवालात मृतांची वर्गवारी पादचारी, सायकलस्वार, दुचाकीस्वार, मोटारीतील, ट्रकमधील अशी केलेली आहे. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुराला त्यात स्वतंत्र रकाना नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे लगेच खटकते. जे मोजले जात नाही त्यावर खर्च होत नाही, हा कोणत्याही अंदाजपत्रकाचा साधा नियम आहे.

थोडा इतिहास

आपल्या देशातील आधुनिक रस्त्यांच्या इतिहासात एका मराठी माणसाचे नाव ठळक आहे. १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जयकर समितीच्या शिफारशींतून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ साली ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही संस्था स्थापन झाली. रस्ता किती रुंद असावा, वळण कसे असावे, पाटी कोठे लावावी याचे नियम आजही हीच संस्था ठरवते. काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळावी यासाठीही तिची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. ती प्रथम २००१ साली निघाली आणि २०१४ साली सुधारून पुन्हा काढण्यात आली. म्हणजे आपल्याकडे नियम नाहीत असे नव्हे.

दुसरा इतिहास पुस्तकाबाहेरचा आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लक्षावधी लोक सरकारी कामांवर खडी फोडायला आणि माती टाकायला गेले. त्यातूनच रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क मान्य झाला. मराठवाड्यातले कितीतरी रस्ते त्या काळातल्या घामाचे आहेत. माझी आजी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. सुकडी खाऊन दिवसभर खडी फोडल्याचे ती अजून सांगते. मी तिला विचारले, “तेव्हा गाडीखाली कोणी सापडायचं का?” ती हसून म्हणाली, “गाडी कुठली माय? सकाळी एक यस्टी जायाची अन् संध्याकाळी तीच माघारी यायाची. तिचा धुरळा दिसला की आम्ही उठून बाजूला व्हायचो. उन्हानं मेले ते मेले, गाडीनं कुणी न्हाई.”

आजीच्या या बोलण्यात विषयाचे मर्म आहे. मजुराचे काम पन्नास वर्षांत फारसे बदललेले नाही. तेच घमेले, तेच फावडे, तेच वाकून काम करणे. बदलला तो त्याच्या शेजारून जाणारा वेग. आजी धुरळा पाहून उठत असे. आज धुरळा दिसेपर्यंत गाडी अंगावर आलेली असते.

वेगाचे गणित

हे नुसते म्हणून भागणार नाही, थोडे गणित केले पाहिजे. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये, गणित सातवीचे आहे.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरांहून किंचित जास्त असते. म्हणजे आपण ‘एक’ म्हणेपर्यंत वाहनाने आख्खी खेळपट्टी ओलांडलेली असते. चालकाने मोबाइलकडे फक्त दोन सेकंद पाहिले तर त्याचे वाहन ४४ मीटर आंधळेपणाने धावते. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. तशी तीन मैदाने, आणि वर आणखी काही पावले.

आता थांबण्याचा विचार करू. समोर काही आहे हे डोळ्यांना दिसणे, मेंदूला कळणे आणि पाय ब्रेकवर जाणे याला वेळ लागतो. रस्ता आखताना अभियंते हा वेळ अडीच सेकंद धरतात. त्यानंतर ब्रेक लागून चाके थांबेपर्यंत वाहन आणखी पुढे जाते. ही दोन्ही अंतरे मिळून इंडियन रोड्स काँग्रेसने थांबण्यासाठी जे अंतर धरले आहे ते असे: ताशी ४० किलोमीटर वेगाला ४५ मीटर, ६० ला ८० मीटर आणि १०० ला १८० मीटर. या आकड्यांकडे नीट पाहावे. वेग अडीचपट झाला, पण थांबण्याचे अंतर चौपट झाले. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याचे कारण. धडकेचा जोरही याच नियमाने वाढतो.

याचा अर्थ असा की, वळणाच्या पलीकडे ५० मीटरांवर मजूर काम करीत असतील आणि वाहन ६० च्या वेगाने वळत असेल, तर चालक कितीही सज्जन, सावध आणि निर्व्यसनी असला तरी तो वेळेत थांबू शकत नाही. तेथे दोष चालकाच्या स्वभावात शोधून उपयोग नाही. वळणाच्या अलीकडे पाटी होती की नाही, हा खरा प्रश्न आहे.

चार पट्टे

हे गणित लक्षात घेऊनच कामाच्या जागेचे चार भाग करावेत असे शास्त्र सांगते. पहिला भाग आगाऊ सूचनेचा. येथे फक्त पाट्या असतात: पुढे काम चालू आहे, वेग कमी करा, रस्ता अरुंद आहे. महामार्गावर ही सूचना काही शे मीटर आधीपासून सुरू झाली पाहिजे. दुसरा भाग वाहनांना हळूहळू बाजूला नेण्याचा. शंकू किंवा पिंपे तिरक्या रेषेत मांडून चालकाला आपोआप दुसऱ्या पट्टीत आणले जाते. तिसरा भाग प्रत्यक्ष कामाचा. आणि चौथा भाग वाहनांना पुन्हा मूळ मार्गावर सोडण्याचा.

दुसऱ्या व तिसऱ्या भागाच्या मध्ये थोडी मोकळी जागा ठेवायची असते. ती खरोखर मोकळीच ठेवायची. एखादे वाहन शंकू तोडून आत घुसलेच, तर ते माणसांपर्यंत पोचण्याआधी थांबावे म्हणून ती राखलेली असते. वरवर पाहता वाया गेलेली ही जागा सर्वांत मोलाची आहे.

आमच्या भागातील राज्यमार्गावर दिवाळीच्या सुटीत खड्डे बुजवण्याचे काम चालू होते. वडिलांना भाकरी द्यायला जाताना मी ते चार दिवस नीट पाहिले. आगाऊ सूचनेच्या जागी बाभळीची एक फांदी होती. शंकूंच्या जागी चुना मारलेले दगड होते. आणि त्या मोकळ्या जागेत खडीचा ढीग, पाण्याचा माठ, जेवणाचे डबे आणि लिंबाच्या फांदीला बांधलेली एक झोळी होती. झोळीत कामावरच्या एका बाईचे तान्हे मूल झोपलेले होते. सावली तेवढीच होती, म्हणून सगळे तेथे. पुस्तकातील चार भाग आणि प्रत्यक्षातील हा एकच भाग यांत किती अंतर आहे, हे मला तेथे उभे राहून कळले.

फांदी आणि दगड यांचा आणखी एक दोष आहे. काम संपल्यावर शंकू मोजून परत न्यावे लागतात. दगड कोणी नेत नाही. संध्याकाळी माणसे निघून जातात, दगड रस्त्यातच राहतात आणि रात्री त्यावर एखादी मोटारसायकल आदळते.

दिसणे आणि ओळखू येणे

मजुराच्या अंगात भडक रंगाचे जाकीट का असते? शोभेसाठी नव्हे हे उघड आहे. पण त्यात दोन निरनिराळी तत्त्वे काम करतात, हे थोड्यांना माहीत असते.

जाकिटाचा पोपटी किंवा नारिंगी रंग हा दिवसासाठी असतो. सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून हे रंग ते दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. म्हणून पहाटे, ढगाळ हवेत, संध्याकाळी ते उठून दिसतात. रात्री मात्र या रंगाचा फारसा उपयोग नाही. रात्रीसाठी जाकिटावर रुपेरी पट्ट्या असतात. त्यांत काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात आणि ते दिव्याचा प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. हेडलाइटचा प्रकाश थेट चालकाच्या डोळ्यांकडे परत जातो. इंग्लंडमधील पर्सी शॉ याने १९३४ साली रस्त्यात बसवायचे ‘मांजरडोळे’ याच तत्त्वावर तयार केले होते.

पण या पट्टीवर डांबर उडाले, धूळ बसली किंवा जाकीट वर्षभर दगडावर आपटून धुतले, की पट्टी निकामी होते. दिवसा जाकीट जुने दिसते एवढेच. रात्री ते नसल्यासारखेच होते. आणखी एक गोष्ट शास्त्रज्ञांनी दाखवून दिली आहे. नुसत्या छातीवरच्या पट्टीपेक्षा कोपर, गुडघा, घोटा येथे पट्ट्या असल्या तर चालक समोरची वस्तू ‘माणूस’ आहे हे लवकर ओळखतो. कारण हलणारे हातपाय ही माणसाची खूण आपल्या मेंदूत पक्की बसलेली आहे. छातीवरची एकटी पट्टी अंधारात पिंपासारखी किंवा खांबासारखीही वाटू शकते. दिसणे वेगळे आणि ओळखू येणे वेगळे. पिंप दिसले तर चालक गाडी किंचित वळवतो. माणूस ओळखू आला तर तो ब्रेकवर पाय ठेवतो.

धोका फक्त बाहेरच्या वाहनांचा असतो असेही नाही. खडी घेऊन आलेला डंपर मागे घेताना त्याच्या चालकाला मागचे जवळजवळ काहीच दिसत नाही. रोलरच्या आवाजात मागून आलेली हाक ऐकू येत नाही. बाहेरच्या रहदारीकडे लक्ष ठेवणारा मजूर आपल्याच कामावरच्या गाडीखाली सापडू शकतो.

सर्वांत ‘हलके’ काम

आता मी ज्या मुद्द्यावर या लेखाचा भर देऊ इच्छिते, त्याकडे येते.

रस्त्याच्या कामावर झेंडी धरण्याचे काम कोणाला देतात? ज्याला फावडे झेपत नाही त्याला. म्हाताऱ्या माणसाला, आजारातून उठलेल्याला, कधी एखाद्या गरोदर बाईला. मुकादमाच्या दृष्टीने ही दया असते, आणि पुष्कळदा ती खरीच दया असते. वडिलांना मी याविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, “पोरी, ते हलकं काम हाय. नुस्तं उभं राहायचं. हजेरी बी पडती अन् अंगाला तोशीस न्हाई.”

अंगमेहनतीच्या मापाने हे काम हलके आहे यात शंका नाही. पण धोक्याच्या मापाने ते सर्वांत जड आहे. झेंडीवाला इतर सर्वांच्या पुढे, एकटा, वाहनांकडे तोंड करून उभा असतो. चुकलेले वाहन सर्वांत आधी त्याच्याकडे येते. त्याला दूरचे दिसले पाहिजे, वेगाचा अंदाज आला पाहिजे, दुसऱ्या टोकाच्या झेंडीवाल्याशी मेळ ठेवता आला पाहिजे, आणि वेळ आली तर उडी मारून बाजूला होता आले पाहिजे. म्हणजे गँगमधला सर्वांत चपळ, तीक्ष्ण नजरेचा आणि शिकवून तयार केलेला माणूस तेथे हवा. आपण तेथे सर्वांत अशक्त माणूस उभा करतो. मजुरीचा दर ठरवताना आपण फक्त घाम मोजतो, जोखीम मोजत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात असे लिहिलेले असते की, धोक्याच्या कामाला जास्त वेतन मिळते. ज्याच्यापुढे दुसरे काम निवडण्याची सोय आहे त्याच्याबाबतीत ते खरे असेल.

आमच्या वस्तीतील एक काका तीन वर्षांपूर्वी असेच झेंडी धरून उभे होते. त्यांना कंबरेचा त्रास होता म्हणून ते काम दिलेले. संध्याकाळच्या वेळी, समोरून सूर्य डोळ्यांवर येत असताना, एका टेम्पोने त्यांना उडवले. टेम्पो थांबला नाही. काकींना नंतर सांगण्यात आले की, त्या दिवशीच्या हजेरीपटावर त्यांचे नावच नाही. ते कामावर नव्हते, रस्त्याने जात होते, असे ठरले. हातात जी झेंडी सापडली ती कोणत्याही कागदावर आली नाही. काकी आता त्याच प्रकारच्या कामावर जातात. मी त्यांना विचारले, भीती वाटत नाही का? त्या म्हणाल्या, “भेव वाटतं. पर दोन लेकरं हायती.” याहून अधिक त्या काही बोलल्या नाहीत आणि मलाही विचारवले नाही.

दोन ठिकाणच्या घटना

ही केवळ आमच्या वस्तीची गोष्ट नाही. २ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात, नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजीजवळ, महामार्गाच्या कामावर आलेले मजूर रस्त्याकडेच्या झोपडीत झोपले होते. भरधाव ट्रक त्यांच्यावर गेला आणि पाच जणांचा अंत झाला. हे मजूर मेळघाटातून पोटासाठी तेथे आले होते. त्या वेळी कोणीही काम करीत नव्हते, सर्व झोपेत होते. परंतु त्यांना राहण्यासाठी दुसरी जागा असती तर ते तेथे झोपले असते का? कामगाराची निवासाची जागा हाही कामाच्या सुरक्षेचाच भाग आहे, हे या घटनेवरून शिकावे लागते.

दुसरी घटना दूरच्या अमेरिकेतील आहे. तेथे यंत्रे आहेत, पैसा आहे, काँक्रीटचे अडथळे आहेत. २२ मार्च २०२३ रोजी भर दुपारी मेरिलँड राज्यात बाल्टिमोर शहराजवळच्या महामार्गावर दोन मोटारी एकमेकींना घासल्या. त्यांतील एक ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने जात होती. कामाच्या जागेभोवती काँक्रीटची भिंत होती. पण कामाच्या गाड्या आतबाहेर करण्यासाठी तिच्यात एक फट ठेवलेली होती. नेमक्या त्या फटीतून मोटार आत शिरली आणि सहा कामगार ठार झाले. त्यानंतर राज्याने अभ्यासगट नेमला. त्याच्या प्रमुख उपराज्यपाल अरुणा मिलर होत्या, त्यांचा जन्म हैदराबादचा. दुसऱ्याच वर्षी तेथे कामाच्या जागी अतिवेगाने जाणाऱ्यांचा दंड वाढवणारा कायदा झाला.

दोन्ही घटनांची तुलना केली तर असे दिसते की, साधनांची श्रीमंती पुरेशी नसते. एवढी भक्कम भिंत असूनही एक फट घात करते. फरक आहे तो नंतरच्या वागण्यात. तेथे प्रत्येक दुवा तपासला गेला: वेग, फट, पाट्या, दंड. आपल्याकडे ‘चालकाचा ताबा सुटला’ या तीन शब्दांत पंचनामा आटोपतो. अमेरिकेतील आकडेवारीवरून आणखी एक बाब समजते. रस्त्याच्या कामाच्या जागी तेथे दरवर्षी जे शेकडो मृत्यू होतात, त्यांतले बहुसंख्य कामगारांचे नसून वाहनांतील माणसांचे असतात. म्हणजे ‘सावकाश चला’ ही पाटी जितकी मजुरासाठी आहे, त्याहून अधिक वाचणाऱ्यासाठी आहे.

चालकाचीही बाजू येथे मांडली पाहिजे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. महामार्गावरच्या धाब्यावर कोणत्याही ट्रकचालकाला विचारा, तो हसेल. रात्रभर गाडी हाकून डोळे मिटू लागलेला चालक आणि कंबर दुखते म्हणून झेंडी धरलेला मजूर, हे दोघेही एकाच प्रकारच्या घरांतून आलेले असतात. पहाटेच्या वेळी रस्त्यात त्यांची गाठ पडते.

कायदा काय म्हणतो

कायद्याची माहिती थोडक्यात देते, कारण ती आमच्यासारख्या घरांत नसते.

हयगयीने कोणाचा मृत्यू घडवल्यास जुन्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०४-अ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) प्रमाणे ती पाच वर्षांपर्यंत आहे. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे पोटकलमही त्यात आहे. परंतु जानेवारी २०२४ मधील ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर, संहिता लागू करताना ते बाजूला ठेवण्यात आले.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जे बदल झाले त्यांतील कलम १९८-अ या विषयाला अगदी लागू आहे. रस्त्याची रचना, बांधणी व देखभाल यांचे ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर कंत्राटदार, सल्लागार व जबाबदार अधिकारसंस्था यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे पाटीऐवजी फांदी लावणे हा केवळ आळस नाही. वाहन सापडलेच नाही, तर मृताच्या कुटुंबाला दोन लाख रुपये भरपाई मिळण्याची सोय १ एप्रिल २०२२ पासून आहे. त्यापूर्वी ही रक्कम अवघी २५ हजार होती.

कामावर असताना मृत्यू आल्यास मालकाने भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून आहे. कंत्राटदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ काम देणाऱ्यावरही येते, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. पण या सर्व भरपाईला एक पुरावा लागतो: तो मनुष्य त्या दिवशी त्या कामावर होता याचा. म्हणून माझ्या मते हजेरीपट हेसुद्धा सुरक्षेचे साधन आहे. सकाळीच हजेरी मांडली गेली, तिचा मोबाइलवर फोटो निघाला, तर काकींना जे ऐकावे लागले ते दुसऱ्या कोणाला ऐकावे लागणार नाही. आमच्या घरी मी ही सवय सुरू केली आहे. वडील सकाळी मुकादमाच्या वहीचा फोटो काढून मला पाठवतात. त्यांना वही वाचता येत नाही, मी वाचते.

समारोप

यातून निष्कर्ष काय निघतो? ‘अपघात’ हा शब्द आपण दैवाच्या अर्थाने वापरतो. परंतु वर पाहिलेल्या प्रत्येक मृत्यूत आधीच घेतलेले निर्णय दडलेले आहेत. पाटी कोठे लावायची, शंकू विकत घ्यायचे की दगड मांडायचे, झेंडी कोणाच्या हाती द्यायची, मजूर रात्री कोठे झोपतील, चालकाने किती तास जागायचे, नाव वहीत कधी लिहायचे, हे सर्व कोणीतरी शांतपणे बसून ठरवलेले असते. वेगाचे गणित बदलणे कोणाच्या हाती नाही. हे निर्णय बदलता येतात.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्त्याच्या कडेला श्रमदान करतो. तेव्हा आपणही काही दिवस त्या चार-पाच फुटांत उभे असतो. माझी सूचना अशी की, यंदाच्या शिबिरात फावड्यांआधी शंकू आणि स्वच्छ पट्ट्यांची जाकिटे आणावीत, झेंडी आपल्यातील सर्वांत चपळ मुलामुलींच्या हाती द्यावी आणि ती कशी धरायची हे आधी शिकवावे. त्याच शिबिरात जवळच्या कामावरील मजुरांना भरपाईचा नियम आणि हजेरीचे महत्त्व समजावून सांगावे. खर्च फार नाही. मोटारसायकलवरून येणाऱ्या माझ्या वर्गबंधूंना आणि मोटारीने येणाऱ्या प्राध्यापकांना एवढीच विनंती आहे की, काम चालू असल्याची पाटी दिसली, अथवा पाटीऐवजी बाभळीची फांदी दिसली, तरी वेग चाळीसच्या खाली आणावा. चाळीसला थांबायला ४५ मीटर लागतात. फांदी बहुधा तेवढ्याच अंतरावर असते.